टाचणीच्या चिठ्ठ्या

दाताच्या दवाखान्यात रेडिओ नेहमीच चालू असायचा. आतल्या यंत्राची घरघर बाहेर बाकावर बसलेल्यांच्या काळजात शिरू नये म्हणून ती सोय असावी. तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. सुजलेला उजवा गाल तळहातावर तोलून ती समोरच्या भिंतीवरचं दाढेचं चित्र पाहत होती आणि सवयीनं त्याखालची ओळ मनात दुरुस्त करत होती. 'आपले दात हे आपल्या आरोग्याचे आरसे आहेत.' एक 'आपले' काढायला हवं होतं. आणि आरसे कशाला, एकच पुरे. रेडिओवर कुणी बाई कुठल्याशा कादंबरीतला उतारा वाचत होती. आवाज गोड, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक पायरी उतरणारा. वाचता वाचता ती बाई म्हणाली, "म्हातारीनं दार लोटून घेतलं, आणि कडी लावायचं तेवढं उद्यावर लोटलं."

तिचा हात गालावरून खाली आला. गर्दीत कुणीतरी आपल्याला लहानपणच्या नावानं हाक मारावी आणि वळून पाहिलं तर ओळखीचं कुणीच नसावं, तसं झालं. वाचणारी बाई केव्हाच पुढे निघून गेली होती, म्हातारीच्या अंगणात आता कुणी लाकडं फोडत होतं. शेजारचे आजोबा वर्तमानपत्राचं पान उलटत होते. म्हणजे जगात काही झालेलं नव्हतं. पण ते वाक्य तिचं होतं. तीस वर्षांपूर्वी, साहित्याच्या भाषांतराच्या पदव्युत्तर वर्गात दुसऱ्या वर्षाला असताना, पेन्सिलीनं लिहिलेलं, चार वेळा खोडलेलं आणि पाचव्यांदा तसंच ठेवलेलं. ते तिनं कुठे छापलं नव्हतं. ते इथे, या फिनेलच्या वासात, काय करत होतं? उतारा संपला, कसलंसं वाद्य वाजलं, निवेदकानं कादंबरीचं नाव सांगितलं, लेखकाचं चुकीच्या उच्चारात सांगितलं, आणि मग भाषांतर करणाऱ्या बाईंचं. ते नाव ऐकून तिला आधी हसूच आलं. कारण त्या मुलीला वर्गात त्या नावानं कुणी कधी हाक मारलीच नव्हती. सगळे तिला टाचणी म्हणायचे.

"चला, तुमचा नंबर," मदतनीस बाई दारातून म्हणाली.

दाढ निघाली. निघताना करकर आवाज झाला तो तिनं दुसऱ्याच कुणाच्या तोंडात होतोय असा ऐकला. "आता तीन तास काही खायचं नाही, बोलायचं कमी," दंतवैद्य म्हणाला, आणि हातात एक कागद ठेवला. तो कागद तिनंच भाषांतरित केलेला होता, चार वर्षांपूर्वी, एका औषध कंपनीसाठी. रस्त्यानं चालताना तिची अर्धी जीभ तोंडात पडून होती, परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी. ती भाषांतर करते असं नवरा लोकांना कौतुकानं सांगायचा तेव्हा लोक विचारायचे, "पुस्तकांचं का?" आणि ती म्हणायची, "नाही हो, पाकिटांचं." गोळ्यांच्या पाकिटातला सतरा घड्यांचा कागद, इस्त्रीसोबतचं पत्रक, प्रेशर कुकरची पुस्तिका. 'लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा' हे वाक्य तिनं किती वेळा लिहिलं असेल याची गणती नव्हती. घराघरांतल्या खणांत तिची वाक्यं घड्या घालून पडलेली होती. त्यातल्या एकावरही आपलं नाव नाही याचं तिला उभ्या आयुष्यात कधी वाईट वाटलं नव्हतं. मग आजच हे काय? कचेरीत पोचल्यावर तिनं एका मिक्सरची पुस्तिका पुढे ओढली, आणि 'भांडे बसवताना' या दोन शब्दांवर ती तासभर बसून राहिली.

वर्गाची ती खोली ग्रंथालयाच्या मागे होती. मूळची बहुधा कपाटं ठेवायची. खिडकी एकच, तीही इतकी उंच की तिच्यातून फक्त आभाळाचा तुकडा दिसायचा आणि कधीतरी एखाद्या कबुतराचे पाय. पहिल्या वर्षाला ते आठ जण होते, दुसऱ्या वर्षाला पाच उरले. सर एका कानानं अधू होते. वाचणाऱ्याकडे चांगला कान करून, डोळे मिटून बसायचे, आणि खडू नसतानाही बोटं एकमेकांवर घासत राहायचे. त्यांचा नियम होता, कोश शेवटी उघडायचा. "कोशात शब्द असतो, वाक्य नसतं. बाजारात भाजी असते, जेवण नसतं." कुणी म्हटलं की सर, या लेखकाला आपली भाषा येत असती तर तो असं म्हणाला असता, की सर डोळे उघडायचे. "त्याला येत नाही. येत नाही म्हणून तर तुम्हाला खुर्ची मिळाली आहे. त्याच्या वतीनं बढाया मारू नका." पहिल्या दिवशी त्यांनी त्या परक्या भाषेतलं एक पान नुसतं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. अर्थ सांगितला नाही. तास संपला तेव्हा कुणी उठलं नाही. तिला त्यातले पंधरा-वीस शब्द कळले असतील, पण कुठल्यातरी घरात कुणीतरी कुणाची तरी वाट पाहतंय एवढं स्वच्छ कळलं होतं. असं कळणं पुन्हा आयुष्यात फारसं वाट्याला आलं नाही. पुढे सगळं कळायला लागलं ते कोशातल्यासारखं, एकेक शब्द करून.

सरांनी जोड्या लावल्या. एकीनं भाषांतर करायचं, दुसरीनं ते मुळाशी ताडून पाहायचं. दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिनं ती कादंबरी घेतली, नदीकाठच्या एका म्हातारीची, आणि ताडून पाहायला वाट्याला आली टाचणी. काडीसारखी मुलगी, दोन वेण्या, आवाज असा की बोलली तरी टोचायचं. पण नाव पडलं ते त्यामुळे नाही. दुसऱ्याच्या हस्तलिखितावर पेन लावणं तिला पाप वाटे. आक्षेप असला की ती एवढीशी चिठ्ठी लिहायची आणि टाचणीनं त्या ओळीशी टोचून द्यायची. एका पानाला नऊ-नऊ चिठ्ठ्या. वही परत आली की फुगलेली असायची, उघडताना बोटांना टोचायचं. 'इथे त्याला राग नाही, कंटाळा आहे.' 'हा शब्द तुझ्या आजोळचा आहे, म्हातारीच्या नाही.' 'फार छान. म्हणूनच संशय येतो.' टाचणीनंही तिचं नाव ठेवलं होतं, खोडरबर, कारण तिच्या टेबलाखाली सदा रबराचा भुगा. वसतिगृहाच्या खोलीत दोघी समोरासमोर बसायच्या, मध्ये एक स्टोव्ह, त्यावर चहा उतू जायचा आणि दोघींपैकी एकीलाही कळायचं नाही. एका क्रियापदासाठी अख्खा रविवार. एवढा रिकामा, एवढा भरलेला रविवार तिला पुन्हा कधी मिळाला नव्हता.

त्या दाराच्या वाक्यावरून तर कडाक्याचं भांडण झालं होतं. मुळात साधंच होतं: म्हातारीनं दार बंद केलं आणि कडी उद्यासाठी ठेवली. तिनं लिहिलं, लोटून घेतलं; आणि लिहिल्यावर दुसरं लोटणं आपोआप हाताखाली आलं. चिठ्ठी आली. 'मुळात बंद करणं वेगळं, ठेवणं वेगळं. लोटणं कुठेच नाही. तू दोनदा लोटलंस.' तिनं खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा चिठ्ठी. "अगं, आमच्या घरी वडील उशिरा येणार असले की आई दार लावत नाही, लोटून घेते," ती म्हणाली. "मग तुझ्या आईवर लिही," टाचणी म्हणाली. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी प्रकरण सरांपुढे गेलं. सरांनी चांगला कान पुढे करून दोन्ही वाक्यं दोन-दोनदा वाचून घेतली. मग बराच वेळ बोटं घासली. "टाचणीचं म्हणणं बरोबर आहे. हे वाक्य मुळात नाही," ते म्हणाले. टाचणीनं तिच्याकडे पाहिलं. "आणि हे वाक्य काढलंत," सर पुढे म्हणाले, "तर मी मार्क कापीन."

हे सगळं तिनं संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. सांगितलं म्हणजे जीभ सुटली होती तेवढं. नवरा पाणीखात्यातून निवृत्त झालेला, सरळ रेषेत विचार करणारा माणूस. पाणी कुठून निघालं आणि कुठे मुरलं एवढंच त्याला पाहायचं असे. "म्हणजे ते लिहिलेलं तुझं?" "निम्मं माझं. नऊ प्रकरणं मी केली होती. वह्या तिच्याकडे राहिल्या." "आणि पुस्तकावर नाव तिचं एकटीचं?" "हो." "मग याला आपल्याकडे एक सोपा शब्द आहे," तो म्हणाला. तो शब्द त्यानं उच्चारला नाही, पण मीठ घातलेलं कोमट पाणी गुळण्यांसाठी तिच्यापुढे ठेवताना पेला जरा आपटला. तिला त्या आपटण्याचं बरं वाटलं. आपल्या बाजूनं कुणी पेला आपटावा असं बऱ्याच वर्षांत काही घडलंच नव्हतं.

वह्या का राहिल्या हे मात्र नवऱ्याला सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं. दुसऱ्या वर्षाचे चार महिने उरले होते तेव्हा घरून निरोप आला, वडिलांचं अर्धं अंग गेलं. "पंधरा दिवसांत येते," ती टाचणीला म्हणाली, वह्यांचा गठ्ठा तिच्या खाटेवर ठेवला आणि निघाली. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. चाळीस वर्षं उलटी अक्षरं सुलटी वाचलेला माणूस. आता त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, 'नंतर'. पाणी हवं असलं तरी नंतर, पाय दुखला तरी नंतर, रडू आलं तरी नंतर. आईला ते कळायचं नाही, ती घाबरून जायची. तिला कळायचं. भुवई, श्वास, उजव्या हाताची खाटेच्या कडेवरची चाळवाचाळव, यांवरून ती सांगायची, "त्यांना खिडकी उघडी हवी आहे." "तुम्ही बसा म्हणतायत." "तुमचा मुलगा आता कितवीत, विचारतायत." भेटायला आलेले लोक थक्क व्हायचे. ते पंधरा दिवस तीन वर्षं चालले. सर एकदा म्हणाले होते की भाषांतर करणाऱ्याला एकच वाचक पुरतो, आणि तिला वाटायचं, इथे तर लेखकही एकच आहे आणि तो माझा बाप आहे. वडील गेले त्यानंतर कित्येक दिवस तिला लोकांच्या बोलण्याचा अर्थ लावायची गरजच वाटेना. नोकरी मिळाली, लग्न झालं. प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण करू. मग पुढच्या. मग एक दिवस त्या भाषेचा कोश माळ्यावर गेला आणि ती भाषा तिच्या मनातून, कुणाचं काही न बिघडवता, निघून गेली. पुस्तकांच्या दुकानात ती फक्त पाकशास्त्राच्या आणि बागकामाच्या कपाटाकडे वळायची. तिथल्या पुस्तकांत कुणी कुणाची वाट पाहत नसे.

दुसऱ्या दिवशी तिनं ते पुस्तक विकत आणलं. मुखपृष्ठावर नदी होती. आतल्या पानावर टाचणीचं खरं नाव, एकटं. अर्पणपत्रिका नाही, ऋणनिर्देश नाही, पाठीमागे एक ओळ नाही. गेल्याच वर्षी छापलेलं. रजा टाकून ती खिडकीशी बसली आणि पेन्सिल हातात घेऊन, पुरावा गोळा करावा तशी, वाचू लागली. पहिल्या प्रकरणात आपली म्हणून सोळा वाक्यं तिनं अधोरेखित केली. दुसऱ्यात वीस. 'ओल्या लाकडाचा धूर जसा जागा शोधत फिरतो' हे माझं. 'होडीला नाव नव्हतं, पण सगळे तिला ओळखत' हेही माझं. गालातली जखम ठणकत होती आणि त्या ठणक्याला आता कारण मिळालं होतं. पण चौथ्या प्रकरणापर्यंत पेन्सिल मंद झाली. जिथे जिथे चिठ्ठी टोचलेली होती तिथे टाचणीनं आपलं म्हणणं लादलं असेल असं तिला वाटलं होतं. तसं नव्हतं. काही ठिकाणी चिठ्ठी मानली होती, काही ठिकाणी नाही. आणि एकेक जागा पाहताना तिला कबूल करावं लागत होतं की जिथे मानली तिथे मानायलाच हवी होती. 'फार छान'वाली सगळी वाक्यं गेली होती. त्यांची तिला आठवणही नको वाटली. तेवीस वर्षांच्या मुलीचे दागिने होते ते, म्हातारीच्या अंगावर घातलेले. मग दहावं प्रकरण आलं, जे तिनं कधी केलंच नव्हतं. अकरावं. आणि तिची पेन्सिल पुन्हा चालू लागली. 'पाऊलवाट थोडी पुढे गेली आणि तिला काही आठवल्यासारखं ती वळली.' हे माझं, असं तिनं समासात लिहिलं आणि थांबली. हे तिचं असणं शक्य नव्हतं. तिनं हे प्रकरण मुळातसुद्धा धड वाचलेलं नव्हतं. तिनं ते पुन्हा वाचलं, ओठ हलवत. तिचाच श्वास होता, तिचीच ती सवय, वाक्य संपतंय असं वाटताना एक पाऊल आणखी टाकायची. कुणीतरी तिच्यासारखं लिहिलं होतं. एका पानापुरतं नाही, सबंध निम्मं पुस्तक. टोचऱ्या आवाजाच्या, सरळ, कोरड्या मुलीनं, जिला दोनदा लोटलेलं खपत नव्हतं तिनं, दुसऱ्या कुणासारखं बोलायला किती वर्षं घालवली असतील? आपण गेल्यावर आपल्या घरात कुणीतरी आपले कपडे घालून वावरत होतं, असं काहीसं तिला वाटलं. आणि ते चोरासारखं वाटेना, हे त्यातलं सगळ्यात वाईट. कारण चोरी असती तर बरं झालं असतं. नवऱ्याचा सोपा शब्द वापरता आला असता.

"मग फोन कर," नवरा म्हणाला. तीन दिवस तो हेच म्हणत होता. प्रकाशकाच्या कचेरीतून त्यानंच नंबर मिळवला आणि कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी तो फिरायला गेल्यावर तिनं फोन लावला. काय बोलायचं ते तिनं कागदावर लिहून काढलं होतं, तीन मुद्दे. पलीकडे फोन उचलला गेला, कुणी 'हॅलो' म्हणालं, आणि तिच्या तोंडून काही निघेना. नुसता श्वास गेला.

"खोडरबर?" पलीकडचा आवाज म्हणाला.

आवाज जाड झाला होता, पण टोचणं तसंच होतं. "हो," ती म्हणाली.

"पुस्तक वाचलंस."

"रेडिओवर ऐकलं. मग वाचलं."

"रेडिओवर त्या बाईनं वाट लावली. प्रत्येक वाक्य खड्ड्यात नेऊन सोडत होती."

तिला हसू येत होतं आणि ते तिला नको होतं. तिनं कागदाकडे पाहिलं. "त्यात माझी नऊ प्रकरणं आहेत."

"आहेत."

"माझं नाव कुठेच नाही."

"नाही," टाचणी म्हणाली. "मी तुला तीन पत्रं पाठवली होती."

"दोन," ती म्हणाली. दोन तिला आठवत होती. पहिलं, सरांनी विचारलंय कधी येतेस. दुसरं, मुदत वाढवून घेतली आहे. दोन्ही वडिलांच्या औषधांच्या खणात पडून राहिली होती, उत्तराविना.

"तीन. तिसरं तुझे वडील गेल्यावर. त्यात मी विचारलं होतं की वह्यांचं काय करू, आणि पुढचं मी केलं तर दोघींच्या नावानं चालेल का. त्याला तुझं उत्तर आलं. माझ्याकडे आहे. वाचून दाखवू?"

"नको," ती म्हणाली. आणि 'नको' म्हणता म्हणताच ते वर आलं, बुडालेलं लाकूड आपोआप वर यावं तसं: पोस्टकार्ड, स्वयंपाकघरातला ओटा, आई बाहेर कुणाशी तरी बोलत होती, आणि तिच्या हातात वडिलांचं पेन. शब्द आठवले नाहीत, पण लिहिताना दातांवर दात आवळले होते ते आठवलं. अर्धवट कामाला मला माझं म्हणायचं नाही, असं काहीतरी. माझं नाव कुठेही घालू नकोस. तुला हवं ते कर, नाहीतर जाळ. तेव्हा तिला वाटलं होतं आपण फार ताठ मानेनं काहीतरी लिहितोय. इतकी वर्षं ते पोस्टकार्ड टाचणीच्या कुठल्या खणात होतं, आणि आपल्या मनात त्याच्यासाठी एक खणसुद्धा नव्हता. ती खुर्चीवर बसली. मुद्द्यांचा कागद तिनं उलटा ठेवला.

"तू ते मनावर घेतलंस?" तिनं विचारलं.

"मी नेहमी मुळाशी ताडून पाहते. मुळात लिहिलं होतं, नाव नको." टाचणीचा आवाज क्षणभर वाकला. "बारा वर्षं मी वह्यांना हात लावला नाही. म्हटलं, येईल. घर बदललं तरी गठ्ठा आधी हलायचा, मग बाकीचं. मग सर गेले. जायच्या आधी मी भेटायला गेले होते तेव्हा म्हणाले, ती दुसरी कुठे आहे, दोनदा लोटणारी? मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा ठरवलं की पुरं करायचं. पण दहाव्या प्रकरणापासून माझ्यासारखं व्हायला लागलं ना सगळं. आधी म्हातारी पाझरायची, आणि दहाव्यापासून एकदम नगरपालिकेत अर्ज करायला लागली. दोनदा अख्खं फाडलं. मग तुझ्यासारखं करायला शिकले. तू काय केलं असतंस असं विचारत बसायचे. तू, माहीत आहे का तुला, फार त्रासदायक लेखिका आहेस. प्रत्येक वाक्य संपल्यावर तुला अजून काहीतरी म्हणायचं असतं."

"सर म्हणाले असते, तिच्या वतीनं बढाया मारू नका."

"म्हणालेच असते," टाचणी म्हणाली, आणि दोघीही हसल्या; मग फोनमधून फक्त एकमेकींच्या घरांचे आवाज येत राहिले, तिकडे कुठेतरी कुकरची शिट्टी, इकडे खालच्या मजल्यावर कुणी गादी झोडपत होतं.

"एक ओळ तरी लिहायची होतीस गं," ती शेवटी म्हणाली. "नाव नाही तर नाही. 'एका मैत्रिणीच्या वह्यांवरून' एवढं."

"लिहिली होती. मुद्रितं तपासताना काढली. मला वाटलं, तू दुकानात उभी राहून वाचशील आणि म्हणशील, सांगितलेलं हिला कळत नाही." टाचणीनं श्वास घेतला. "ते चुकलं माझं. ओळ ठेवायला हवी होती. दुसरी आवृत्ती निघणार आहे. प्रकाशक महिन्याभरात मागतोय. तूच सांग आता, काय छापू?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर एक बाई चादर वाळत घालत होती, टोकं जुळवत, झटकत. हवं ते मागता येईल अशी ही जागा होती, आणि चार दिवस ती याच जागेकडे येत होती. पण आता मागण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं ते मागायची लाजही वाटत नव्हती. "दोघींची नावं घाल," ती म्हणाली. "तुझं आधी."

"का? सुरुवात तू केलीस."

"पुरं तू केलंस. वाद घालू नकोस."

"बरं," टाचणी म्हणाली, तिच्या मानानं फारच पटकन. फोन ठेवायची वेळ झाली असं दोघींना वाटलं असावं. तब्येत कशी, घरी कोण कोण, एकदा ये, तूच ये, हे सगळं आता यायचं होतं. त्याऐवजी तिनं टेबलावरचं पुस्तक उघडलं. चौदाव्या प्रकरणात तिनं दुमडलेला कोपरा होता. काल दुपारपासून तो तिला टोचत होता.

"ऐक. चौदाव्या प्रकरणात एक चूक आहे."

"कुठे?"

"म्हातारीचा मुलगा गावी येतो तेव्हा पायरीवर एक बाई बसलेली असते. तू तिला त्याची मावशी केलं आहेस."

"त्या भाषेत एकच शब्द आहे. मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्यांना एकच. तुला माहीत आहे. मला जवळची वाटली म्हणून मावशी केली."

"पण दुसऱ्या प्रकरणात ती म्हणते की मी चालायला शिकले ती याच अंगणात. ते माझं प्रकरण आहे, मला पक्कं आठवतंय. ते म्हातारीचं सासर, टाचणे. म्हातारीची बहीण तिथे चालायला कशी शिकेल? ती म्हातारीच्या नवऱ्याची बहीण आहे. मुलाची आत्या."

पलीकडे पेन्सिल टेबलावर टकटकली.

"मावशी असती तर ती पाहुणी झाली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आपोआप खाली आला, वर्गात सरांचा कान पुढे असायचा तेव्हा यायचा तसा. "पाहुणी पायरीवर बसली, त्यात काय? पण आत्या असेल तर ते तिचं माहेर आहे. तिथेच जन्मली, तिथेच वाढली, आणि आता एवढ्या वर्षांनी येऊन आत जात नाही. पायरीवर बसते. आणि तो मुलगा म्हणतो, 'आत या ना.' तू 'या' लिहिलं आहेस, पाहुणीला म्हणावं तसं. आत्याला तो 'ये' म्हणेल. 'आत ये ना, आत्या.'"

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कसलंसं कपाट उघडल्याचा, आणि लांबून, दुसऱ्या खोलीतून ओरडल्यासारखा टाचणीचा आवाज.

"ठेवू नकोस. मूळ काढते."

ती फोन कानाशी धरून बसली. पलीकडे, तिनं कधी न पाहिलेल्या त्या घरात, पुस्तकं एकामागून एक खाली उतरत होती.